गाभा आणि दर्शनी भाग : प्रोग्रामरचनेतील एक भेद

संगणकावरील एखादा प्रोग्राम दाखवा, असे म्हटले असता आपण बहुधा पडद्यावरील चौकटीकडे बोट दाखवितो. तीत शब्द लिहावयाची जागा असते, दोनचार बटणे असतात, खाली उत्तर उमटते. आणि हे जे दिसते तोच प्रोग्राम, अशी आपली समजूत होते. वस्तुतः ही चौकट म्हणजे प्रोग्रामचा केवळ दर्शनी भाग होय. ज्या विचारामुळे उत्तर निघते तो विचार या चौकटीच्या मागे असतो, किंबहुना असावयास हवा. प्रस्तुत लेखात त्या मागील भागास ‘गाभा’ आणि पुढील भागास ‘दर्शनी भाग’ अशी नावे दिली आहेत. हे दोन भाग एकमेकांपासून वेगळे का राखावयाचे, वेगळे राखणे म्हणजे नेमके काय करावयाचे आणि असे करताना सीमारेषा कोठे पुसट होते, एवढाच येथे विवेचनाचा विषय आहे. संगणकशास्त्रातील मंडळींना यात नवे काही आढळणार नाही. परंतु भाषाविज्ञानाचे जे विद्यार्थी आता स्वतःच प्रोग्राम लिहू लागले आहेत, त्यांच्यापर्यंत हा भेद क्वचितच पोहोचतो. आणि तो न पोहोचल्याची किंमत संशोधनाला द्यावी लागते.

ती किंमत कोणती, हे आधी पाहू. समजा, एका संशोधकाने मराठी नामांची सामान्यरूपे सिद्ध करणारा प्रोग्राम दोनतीन वर्षे खपून तयार केला. प्रबंधाच्या परीक्षकांपुढे त्याचे प्रात्यक्षिक झाले; शब्द लिहिला, बटण दाबले, रूप उमटले. पदवी मिळाली. पुढे काही वर्षांनी दुसऱ्या एका अभ्यासकास तेच नियम दहा लाख शब्दांच्या संग्रहावर चालवून पाहावयाचे असतात. तेव्हा असे आढळते की, त्या चौकटीत एकेक शब्द हाताने लिहून बटण दाबण्यावाचून दुसरा मार्गच नाही. त्यातच ती चौकट ज्या संगणकप्रणालीसाठी लिहिली होती ती प्रणाली बदललेली असते आणि चौकट उघडतही नाही. नियम नाहीसे झालेले नसतात; ते त्या बटणाच्या पोटात असतात, परंतु तेथून ते बाहेर काढता येत नाहीत. अखेर दुसरा अभ्यासक तेच नियम नव्याने, पण साहजिकच किंचित निराळ्या रीतीने लिहितो. येथे श्रम दोनदा झाले, हे नुकसान लहान आहे. पहिल्या प्रबंधातील आकडे व दुसऱ्या प्रबंधातील आकडे एकमेकांशी ताडून पाहण्याची सोय उरत नाही, हे खरे मोठे नुकसान होय.

आता हाच दाखला थोडा आतून तपासू. मराठीतील सामान्यरूपाचे नियम आपणां सर्वांस परिचित आहेत. ‘घर’चे ‘घरा’ होते, ‘घोडा’चे ‘घोड्या’ होते. परंतु ‘मामा’चे मात्र ‘मामा’च राहते. अकारान्त स्त्रीलिंगी नामांत ‘वीट’चे ‘विटे’ आणि ‘भिंत’चे ‘भिंती’ असे दोन मार्ग आहेत. ‘फूल’, ‘मूल’ यांतील उपान्त्य दीर्घ स्वर सामान्यरूपात ऱ्हस्व होतो, तर ‘गीत’, ‘सूत्र’ या तत्सम शब्दांत तो दीर्घच राहतो. ‘लाकूड’चे ‘लाकडा’ होते, ‘पाऊस’चे ‘पावसा’ होते. म्हणजे या प्रोग्रामला काही नियम हवेत आणि त्याखेरीज शब्दाचे लिंग व कूळ सांगणारा एक कोशही हवा. हे सगळे भाषेविषयीचे ज्ञान आहे. चौकट निळी की पांढरी, शब्द कळफलकावरून आला की फाइलमधून, याच्याशी या ज्ञानाचा काडीमात्र संबंध नाही.

तथापि नवशिक्या मनुष्य प्रोग्राम लिहावयास बसतो तेव्हा कामाचा क्रम असा होतो : आधी चौकट रेखाटावयाची, तीवर बटण बसवावयाचे आणि ‘हे बटण दाबल्यावर काय व्हावे’ या मथळ्याखाली एकामागून एक ओळी लिहीत जावयाचे. पहिली ओळ चौकटीतील शब्द उचलते, दुसरी तो कोशात पाहते, तिसरी शब्द न सापडल्यास लाल अक्षरांत सूचना दाखवते, चौथी अन्त्य स्वर तपासते, पाचवी रूप तयार करते, सहावी ते ठळक अक्षरांत छापते. ओळी बरोबर असतात; दोष त्यांच्या सरमिसळीत असतो. दुसरी, चौथी आणि पाचवी या ओळी भाषेविषयी बोलतात; पहिली, तिसरी आणि सहावी या पडद्याविषयी बोलतात. भाषेविषयीच्या ओळी उचलून दुसरीकडे न्यावयाच्या म्हटल्या तर पडदाही सोबत न्यावा लागतो.

यावरील उपाय सांगावयास सोपा आहे. एक स्वतंत्र कार्य, ज्याला प्रोग्रामकार ‘फंक्शन’ म्हणतात, असे लिहावयाचे की ज्यास फक्त शब्द दिला जातो आणि जे फक्त रूप परत करते. ते काहीही छापीत नाही, कोणालाही प्रश्न विचारीत नाही, बटण म्हणजे काय हे त्यास ठाऊक नसते. चौकट त्यास शब्द देते, त्याच्याकडून उत्तर घेते आणि ते दाखवते. एवढी फोड केली की तेच फंक्शन उद्या दहा लाख शब्दांच्या फाइलवर चालविता येते, परवा एखाद्या संकेतस्थळामागे उभे करता येते आणि तेरवा दुसऱ्या विद्यार्थ्याच्या वाक्यविश्लेषक प्रोग्रामच्या आत एक अवयव म्हणून बसविता येते. यातील अवलंबन एकाच दिशेचे असते, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे : दर्शनी भागास गाभ्याची ओळख असावी लागते, गाभ्यास दर्शनी भागाची ओळख असता कामा नये.

सांगावयास सोपा म्हटले खरे. प्रत्यक्षात अडचण येते ती ‘माळ’ यासारख्या शब्दापाशी. ‘माळ’ पुल्लिंगी असेल तर उघडे रान, आणि त्याचे ‘माळावर’ होते. स्त्रीलिंगी असेल तर मण्यांची वा फुलांची माळ, आणि तिचे ‘माळेवर’ होते. कोशाने दोन्ही लिंगे सांगितली, आता फंक्शनने काय करावे? वापरणाऱ्याला कोणता अर्थ अभिप्रेत आहे, असे विचारणारी एक लहानशी खिडकी उघडावी, असा मोह येथे पडतो. आणि गाभा व दर्शनी भाग यांची पुन्हा मिसळ होते ती बहुधा अशाच ठिकाणी. कारण दहा लाख शब्दांच्या फाइलवर तेच फंक्शन चालविले की प्रत्येक ‘माळ’पाशी ती खिडकी उघडेल आणि कोणी उत्तर देईपर्यंत सारे काम खोळंबेल. योग्य मार्ग असा की, गाभ्याने प्रश्न विचारावयाचा नाही, संदिग्धता हीच उत्तर म्हणून परत करावयाची : ‘दोन रूपे संभवतात, एक पुल्लिंगी मानून, दुसरे स्त्रीलिंगी मानून.’ मग पडद्यावरील चौकटीने हवे तर वापरणाऱ्यास विचारावे, फाइल चाळणाऱ्या प्रोग्रामने दोन्ही रूपे नोंदवून पुढे जावे, वाक्यविश्लेषकाने आजूबाजूच्या विशेषणांवरून निवड करावी. निवड कोणी व कशी करावी, हे ज्याच्या त्याच्या परिस्थितीवर अवलंबून असते. निवड करावयाची आहे, ही गोष्ट मात्र भाषेची आहे. म्हणून तिचे ज्ञान गाभ्यात आणि तिचा निर्णय बाहेर.

चुकीच्या सूचनांचेही तसेच. शब्द कोशात नाही, एवढे गाभ्याने एखाद्या ठरीव खुणेने कळवावे. ‘क्षमस्व, हा शब्द आमच्या कोशात आढळला नाही’ हे वाक्य दर्शनी भागाचे. हे वाक्य गाभ्यात लिहिले की तो गाभा मराठी पडद्याला बांधला जातो. जर्मन अभ्यासकाने आपल्या चौकटीत तो बसविल्यास त्याच्या वाचकांना मध्येच मराठी सूचना दिसू लागतील. आणि याहून वाईट प्रकार म्हणजे, शब्द न सापडताच सारा प्रोग्राम बंद करणारा गाभा. पाहुण्याने यजमानाच्या घराचा दरवाजा लावून घ्यावा, तसेच ते होते.

या फोडीचा आणखी एक लाभ असा की नियमांची तपासणी पडद्याविना करता येते. एका तक्त्यात शब्द, लिंग आणि अपेक्षित सामान्यरूप असे तीन रकाने लिहून ठेवावे. प्रत्येक बदलानंतर गाभ्याने दिलेले उत्तर त्या तक्त्याशी पडताळले जाते. नव्या नियमाने ‘फूल’ सुधारले पण ‘गीत’ बिघडले, हे तत्काळ कळते. हा तक्ता प्रोग्राम न जाणणाऱ्या व्याकरणाच्या प्राध्यापकांनाही वाचता येतो व त्यावर आक्षेप घेता येतो. प्रबंधाच्या परीक्षकांनी चौकटीच्या प्रात्यक्षिकापेक्षा असा तक्ता मागावा, असे माझे मत आहे.

ही विचारसरणी कशी घडत गेली, तेही पाहावयास हवे. कारण तिच्या इतिहासात आपल्या विषयाचे धागे अनपेक्षितपणे सापडतात. 1972 साली डेव्हिड पार्नास यांनी प्रोग्रामचे भाग कोणत्या निकषावर पाडावेत, यासंबंधी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी उदाहरण घेतले होते ते शब्दसूचीचे. दिलेल्या ओळींतील प्रत्येक शब्द क्रमाने आरंभी आणून त्या सर्व फिरवलेल्या ओळी वर्णानुक्रमाने लावावयाच्या, असे ते काम होते. ग्रंथालयशास्त्रात व कोशकार्यात ही सूची सुपरिचित आहे. पार्नास यांनी या कामाची दोन प्रकारे विभागणी करून दाखविली. पहिलीत कामाच्या पायऱ्यांप्रमाणे भाग पडतात : आधी वाचणे, मग फिरवणे, मग लावणे, मग छापणे. दुसरीत प्रत्येक भाग एकेक निर्णय आपल्या पोटात दडवून ठेवतो, विशेषतः पुढे बदलण्याचा संभव असलेला निर्णय. पहिल्या विभागणीत ओळी साठविण्याची पद्धत बदलली की जवळजवळ सर्वच भाग बदलावे लागतात, दुसरीत एकच. गाभा आणि दर्शनी भाग हा भेद अनेकांना ‘मध्य आणि दोन टोके’ असा वाटतो, म्हणजे आरंभी माहिती घेणे व शेवटी उत्तर दाखवणे हा दर्शनी भाग आणि मधले ते सारे गाभा. पार्नास यांचा निबंध वाचल्यावर ही कल्पना टिकत नाही. भेद कामाच्या क्रमाचा नसून निर्णयांच्या स्वरूपाचा आहे. ‘माळ’च्या उदाहरणात तो कामाच्या ऐन मध्यावर उपस्थित झाला, हे आपण पाहिलेच.

नॉर्वेचे ट्रिग्व्हे रेन्स्काउग हे 1978-79 मध्ये झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पालो आल्टो संशोधनकेंद्रात पाहुणे संशोधक म्हणून असताना त्यांनी प्रतिरूप, दर्शन आणि नियंत्रक अशी त्रिविध मांडणी सुचविली. प्रतिरूप म्हणजे विषयाचे ज्ञान. दर्शन म्हणजे त्याचे पडद्यावरील एखादे रूप. नियंत्रक म्हणजे वापरणाऱ्याच्या हालचाली त्यांच्यापर्यंत पोहोचविणारा दुवा. एकाच प्रतिरूपाची अनेक दर्शने असू शकतात, हे या मांडणीतील मर्म. पुढे या तीन नावांचा इतका प्रसार झाला, आणि ज्याने त्याने त्यांचा आपापल्या सोयीने इतका निराळा अर्थ केला, की आज ‘आम्ही ही रचना वापरतो’ एवढ्या विधानावरून काहीच निश्चित समजत नाही.

भाषाविज्ञानाच्या दृष्टीने याहून मनोरंजक घटना 1983 सालची. त्या वर्षी जर्मनीतील झेहाइम येथे या विषयावर एक कार्यसत्र भरले आणि तेथे जे प्रतिमान पुढे आले, त्यात दर्शनी भागाचे तीन थर मानले गेले : सादरीकरण, संवादाचे नियंत्रण आणि गाभ्याशी असलेला दुवा. या तीन थरांची तुलना शब्द, वाक्यरचना आणि अर्थ या तीन स्तरांशी करण्यात येत असे. कळ दाबणे हा जणू शब्द. कळांचा ग्राह्य क्रम हे वाक्य. आणि त्यातून गाभ्याला मिळणारी आज्ञा हा अर्थ. आपल्या शास्त्रातून घेतलेल्या या उसनवारीबरोबर आपल्या शास्त्रातील अडचणही तिकडे गेली. भाषेचे स्तर एकमेकांपासून निखळ वेगळे राहत नाहीत, हे आपण जाणतो. पडद्यावर एखादी फाइल ओढत केराच्या टोपलीवर नेली असता ती टोपली लगेच उजळते किंवा उजळत नाही. म्हणजे बोट अजून उचलले नाही तोच ‘ही फाइल टाकता येईल काय’ या अर्थविषयक प्रश्नाचे उत्तर सर्वांत वरच्या थरास द्यावे लागते. थरांचे प्रतिमान यामुळेच टीकेस पात्र ठरले. यावरून भेद खोटा ठरत नाही. मात्र गाभ्याला केवळ अंतिम उत्तर देऊन भागत नाही, लहान लहान प्रश्नांचीही चटकन उत्तरे देता यावी लागतात, एवढे सिद्ध होते.

प्रत्यक्ष व्यवहारात या भेदाने काय साधले, याचे सर्वांत बोलके उदाहरण शुद्धलेखन तपासणीचे आहे. 1971 मध्ये आर. ई. गोरिन यांनी एका मोठ्या संगणकासाठी लिहिलेल्या प्रोग्रामपासून पुढे ‘आयस्पेल’ हा प्रोग्राम उत्क्रांत झाला. तो स्वतंत्रपणे चालविता येई. परंतु ‘ईमॅक्स’ या लेखनसाधनाच्या आतूनही त्याचा उपयोग करता यावा म्हणून त्यास एक निराळी रीत जोडली गेली. या रीतीत तो पडद्यावर काही मांडीत बसत नाही. त्यास एक ओळ द्यावयाची. तो प्रत्येक शब्दासाठी एक ओळ परत करतो. शब्द बरोबर असेल तर तारांकन, चूक असून पर्याय सुचत असतील तर दुसरे चिन्ह व पर्यायांची यादी, काहीच सुचत नसेल तर तिसरे चिन्ह. एवढ्या तुटपुंज्या करारावर लेखनसाधन आणि तपासनीस यांची भागीदारी झाली. आणि नंतरच्या ‘अ‍ॅस्पेल’, ‘हनस्पेल’ या प्रोग्रामांनीही हाच करार चालू ठेवला.

यांपैकी हनस्पेल आपल्याला अधिक जवळचा. हंगेरीचे लास्लो नेमेथ यांनी तो आपल्या भाषेची गरज ओळखून तयार केला, कारण हंगेरियन भाषेत एका प्रत्ययावर दुसरा प्रत्यय चढतो आणि त्यापूर्वीचे प्रोग्राम इंग्रजीचा बेत धरून लिहिलेले होते. हनस्पेलला स्वतःची चौकट अशी नाहीच म्हटली तरी चालेल. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, क्रोम अशा अगदी भिन्न प्रोग्रामांच्या पोटात तोच गाभा काम करतो. त्यात आणखी एक फोड आहे : शब्द तपासण्याची रीत एका बाजूस आणि भाषेचे ज्ञान दुसऱ्या बाजूस, तेही दोन साध्या फाइलींत, एकीत शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम. यामुळे मराठीची शब्दसूची तयार करणाऱ्यास प्रोग्रामला हात लावावा लागत नाही, आणि त्याने एकदा केलेले काम या सर्व साधनांच्या उपयोगी पडू शकते. गणित साधे आहे. पाच लेखनसाधने व वीस भाषा असतील आणि प्रत्येक साधन आपापला तपासनीस लिहीत असेल, तर शंभर कामे. मध्ये एक समाईक गाभा असेल, तर पाच जोडण्या आणि वीस शब्दसूची. मराठीसारख्या भाषेला या शंभरांतील आपली पाच कामे स्वतंत्रपणे करून घेण्याइतके मनुष्यबळ कधीच मिळाले नसते. अर्थात हा गाभा मराठीच्या मापाने बेतलेला नाही. हनस्पेल एकावर एक असे दोन प्रत्यय सोडवू शकतो; आपल्याकडे ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हे रूप सहज बोलले जाते. तेथे काही प्रत्ययसमूह आधीच एकत्र बांधून द्यावे लागतात, आणि नियमांची फाइल फुगत जाते.

देवनागरी अक्षरे पडद्यावर जुळविण्याच्या कामातही हेच घडले. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द पाहा. पहिल्यात रफार, दुसऱ्यात अर्धा ‘ऱ’. अर्थ सागर आणि डोंगरांतील खोलगट जागा. साठवलेल्या वर्णक्रमावरून यांपैकी कोणता आकार काढावयाचा, ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी कसा नेऊन ठेवावयाचा, जोडाक्षर कोठे साधावयाचे, ही सारी देवनागरीच्या व्याकरणाची कलमे होत. पूर्वी निरनिराळ्या साधनांत ती निरनिराळ्या रीतीने लिहिलेली असत. एका प्रोग्राममध्ये सुधारलेला दोष दुसऱ्यात तसाच राही. बेहदाद एस्फाहबोद यांनी नव्याने रचलेला ‘हार्फबझ’ हा गाभा मात्र केवळ एवढेच करतो : वर्णांची ओळ व टंक घ्यावयाचा आणि कोणता आकार कोठे बसवावयाचा हे सांगावयाचे. रेखाटन तो करीत नाही. क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड यांत तो वापरला जातो. लिब्रेऑफिसने 2017 मधील 5.3 या आवृत्तीपासून सर्व संगणकप्रणालींवर तोच स्वीकारला. त्याचे नाव फारसी असून त्याचा अर्थ ‘खुले अक्षर’ असा होतो.

याच्या उलट काय होते, हे मराठी मुद्रणसृष्टीने भोगले आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी अनेक टंकांत वर्णांऐवजी त्यांचे दिसणारे तुकडेच साठविले जात : काना वेगळा, अर्धा ‘क’ वेगळा, रफार वेगळा, आणि हे तुकडे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसविलेले असत. म्हणजे मजकूर आणि त्याचे दर्शन एकच होऊन बसले होते. 1988 आणि 1991 च्या इस्की प्रमाणकांत वर्ण साठवावा व आकार नंतर काढावा, हेच तत्त्व होते. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही 1988 च्या इस्कीवर आधारलेली आहे. परंतु छपाईपुरते पाहणाऱ्यांना तुकड्यांचा मार्ग सोयीचा वाटला. तो टंक संगणकावर नसला की मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा निरर्थक कचरा दिसतो. त्यात शब्द शोधता येत नाही, अनुक्रम लावता येत नाही. अशा स्वरूपात अडकलेला मजकूर सोडविण्यासाठी प्रत्येक टंकागणिक वेगळे रूपांतरसाधन लागते.

ध्वनिविज्ञानाच्या अभ्यासकांना ‘प्रात’ हा प्रोग्राम ठाऊक असेलच. आम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तो घडविला. त्यातील स्वरोच्चतेचे मापन इतके सर्वमान्य झाले आहे की, तेच गणित दुसरीकडे पुन्हा लिहिले आणि एखाद्या बारकाव्यात फरक पडला तर निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या निबंधांशी जुळत नाहीत. 2018 मध्ये प्रसिद्धी मिळालेल्या ‘पार्सलमाउथ’ या साधनाने ही अडचण योग्य ठिकाणी सोडविली : गणित नव्याने न लिहिता प्रातमधील मूळ गणितच पायथॉन भाषेतून, खिडकीवाचून, बोलावता येईल अशी जोडणी केली.

आणखी एक दाखला देण्याचा मोह आवरत नाही. भाषा ही व्यवस्था आहे हे समजावून देताना सोस्यूर यांनी बुद्धिबळाचा दृष्टान्त दिला : लाकडी सोंगट्यांऐवजी हस्तिदंती सोंगट्या घेतल्या तरी खेळाच्या व्यवस्थेत फरक पडत नाही, सोंगट्यांची संख्या बदलली तर मात्र पडतो. आजचे प्रबळ बुद्धिबळ-प्रोग्राम हा दृष्टान्त अक्षरशः पाळतात. ‘स्टॉकफिश’ला पट नाही, सोंगट्याही नाहीत. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या ‘यूसीआय’ या संकेतानुसार त्यास मजकुराच्या ओळींत स्थिती सांगावयाची आणि तो ओळीतच सर्वोत्तम खेळी कळवतो. लाकूड की हस्तिदंत, हे ठरविणारे प्रोग्राम निराळे.

आता सीमेवरील काही प्रश्न. यादीचा क्रम लावणे हे गाभ्याचे काम की दर्शनी भागाचे? मराठी वर्णमालेत ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ शेवटी येतात, हे भाषेचे ज्ञान असल्याने वर्णानुक्रम गाभ्यात असावा. परंतु अलीकडे पाहिलेले शब्द आधी दाखवावेत, ही केवळ पडद्याची सोय होय. अर्धा ‘ऱ’ संगणकावर दोन निरनिराळ्या वर्णक्रमांनी लिहिता येतो. ते दोन्ही क्रम एकच मानणे गाभ्याकडे असावे, कारण मजकूर कोणत्याही दाराने आत आला तरी हा प्रश्न येणारच. काम लांबणारे असेल तेव्हा किती झाले हे दाखवावे लागते. तेथे गाभ्याने अधूनमधून एक आकडा बाहेर द्यावा, त्याची पट्टी काढावयाची की तो आकडा दुर्लक्षावयाचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. प्रत्येक ठिकाणी विचारावयाचा प्रश्न एकच : पडदाच नसता तर ही गोष्ट आवश्यक ठरली असती काय?

या भेदाचे स्तोम माजविणारेही पुष्कळ आहेत. एकदाच चालवून टाकून द्यावयाच्या वीस ओळींच्या प्रोग्राममध्ये थर पाडणे म्हणजे चहा करण्यासाठी स्वतंत्र स्वयंपाकघर बांधणे होय. गाभा श्रेष्ठ आणि दर्शनी भाग क्षुल्लक, ही समजूतही टाकून दिली पाहिजे. मायर्स आणि रॉसन यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, तपासलेल्या प्रोग्रामांतील सरासरी 48 टक्के लेखन दर्शनी भागासाठी खर्ची पडलेले आढळले होते. जे काम निम्मे श्रम घेते ते हलके नव्हे. सुबोध चौकट नसेल तर उत्तम गाभाही कपाटात पडून राहतो. वेगळेपणा राखावयाचा तो दोघांनाही आपापल्या गतीने बदलता यावे म्हणून.

ज्यांच्याजवळ असा मिसळलेला प्रोग्राम आधीच आहे, त्यांनी तो मुळापासून नव्याने लिहावयाचे कारण नाही. प्रथम चौकटीतून पन्नाससाठ शब्द चालवून त्यांची उत्तरे जशीच्या तशी तक्त्यात उतरवून घ्यावीत. त्यांत चुका असल्या तरी त्या तूर्त राहू द्याव्यात. मग बटणाखालील ओळींतून पडद्याचा उल्लेख नसलेल्या ओळी एकेक करून स्वतंत्र फंक्शनमध्ये न्याव्यात आणि दरवेळी तक्ता पडताळावा. ज्या ओळीत भाषा आणि पडदा दोन्ही असतील तिची आधी दोन वाक्ये करावीत. शेवटी त्या फंक्शनला चौकटीखेरीज दुसरे एखादे दार काढावे. शब्दांची फाइल घेऊन उत्तरांची फाइल देणारा दहा ओळींचा प्रोग्राम एवढे पुरे. दुसरे दार असल्यावाचून फोड पुरी झाली की नाही हे कळत नाही, कारण एकच ग्राहक असलेल्या गाभ्यात त्या ग्राहकाच्या सवयी नकळत शिरलेल्या असतात. फाइलवर चालविताना पहिल्याच ‘माळ’पाशी त्या उघड्या पडतात. नियमांतील चुकांची दुरुस्ती त्यानंतर, आणि एका वेळी एकाच नियमाची.